सोलापूरसारखं कोरडं शहर बदलत्या हवामानाला तोंड कसं देणार?

सुरुवात छपरापासून करा. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो, पण तो सावलीतला आकडा. पूर्व भागात पत्र्याच्या खोलीत दुपारी विड्या वळत बसलेल्या बाईला विचारा. पंखा लावला तर पानं उडतात आणि वाळतात, म्हणून तोही बंद! स्लॅबवर चुन्याचे दोन हात, पत्र्याला पांढरा रंग, एवढ्यानेही खोली जाणवण्याइतकी निवते. आम्ही गच्चीवर दर वर्षी होळीनंतर चुना मारतो. चुन्यात थोडा फेविकॉल मिसळा, नाहीतर पहिल्या वळवात सगळा वाहून जातो.

शहर पातळीवर नमुना अहमदाबादचा आहे. २०१०च्या उष्णतेच्या लाटेत तिथे खूप माणसं दगावली. मग २०१३ साली त्यांनी उष्णता कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया. खर्च फार नाही, पण कुणीतरी दर मार्चमध्ये मागे लागावं लागतं.

पाण्याचं दुखणं जुनंच. शहराला पाणी देणारं उजनी धरण शंभर किलोमीटरहून लांब, आणि नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल भरलेली. जलवाहिन्या वाढवाव्यात, हरकत नाही. पण हिप्परग्याचा तलाव गाळ काढून जपा, बोअरशेजारी गच्चीचं पाणी मुरवा आणि ओढ्या-नाल्यांतली बांधकामं थांबवा. दुष्काळी गावातही एखादा पाऊस असा कोसळतो की घरांत गुडघाभर पाणी शिरतं.

झाडं लावणार असाल तर कडुनिंब, करंज लावा. गुलमोहर दिसतो छान, पण वावटळीत पहिला तोच आडवा होतो.