मुलगी अठराची झाली तरी शिक्षणाचा खर्च मागता येतो

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यात माहेरी राहते. २०१८ साली तालुक्याच्या कोर्टाने मला आणि दोन मुलांना प्रत्येकी दोन हजार, अशी महिना सहा हजार पोटगी मंजूर केली. घटस्फोट झालेला नाही. मुलांचे बाबा मुंबईला एका खासगी कंपनीत आहेत. पैसे मागेपुढे का होईना, खात्यावर यायचे. मुलीला अठरा पूर्ण झाली त्याच महिन्यापासून त्यांनी सगळेच बंद केले. आज चौदा महिने झाले. फोन केला तर म्हणतात, "ती सज्ञान झाली, माझा संबंध संपला. शिवाय मुलींना फी माफ आहे, मग पैसे कशाला?" मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. फी माफ झाली हे खरं, पण होस्टेल, मेस, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च मी आगळ-आमसुलं विकून आणि दोन घरी स्वयंपाक करून भागवते. मुलगा बारावी सायन्सला आहे, येत्या मार्चमध्ये तोही अठराचा होईल. मोठा भाऊ म्हणतो, पोरीचं लग्न करून टाक, एक काळजी मिटेल. मुलगी म्हणते, बाबांवर केस करायची लाज वाटते. मला त्यांना जेलमध्ये घालायचं नाही, मुलांचं शिक्षण पूर्ण व्हायला हवं. सासरी हापूसच्या कलमांची वडिलोपार्जित बाग आहे, सातबाऱ्यावर दिरांबरोबर त्यांचंही नाव आहे. मी काय करू?
(एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट म्हणजे ते चौदा महिने. मुलीचं नंतर बघू, आधी हे.

तुमचा २०१८चा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असणार. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. मजकूर जवळजवळ तोच आहे आणि तुमचा आदेश जिवंत आहे. मुलीला अठरा पूर्ण झाली म्हणून फार तर तिचे दोन हजार थांबतील. तुमचे दोन हजार आणि मुलाचे दोन हजार थांबवायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. एकीच्या वाढदिवसाचं निमित्त करून तिघांचे पैसे बंद करणं हा कोर्टाच्या आदेशाचा सरळ भंग आहे. म्हणजे महिना चार हजारांप्रमाणे चौदा महिन्यांचे छप्पन्न हजार थकलेत.

आता एक अट नीट वाचा. वसुलीचं वॉरंट काढायचं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक महिन्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं. आज अर्ज दिलात तर मागच्या बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार वॉरंटाच्या कक्षेत येतात. पहिल्या दोन महिन्यांचे आठ हजार बाहेर राहतात, आणि तुम्ही आणखी थांबलात तर दर महिन्याला चार हजार त्या कक्षेतून निसटतील. ते आठ हजार बुडाले मात्र समजू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वर्षाच्या अटीने फक्त वॉरंटाचा मार्ग बंद होतो, हक्क बुडत नाही. पण दुसरा मार्ग लांबचा आहे. आपल्याकडच्या बायका "गणपतीला येतील तेव्हा बोलू", मग "शिमग्याला बघू" असं म्हणत थांबतात आणि तेवढ्यात वर्ष उलटतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कोर्टाचा आदेश हातात असताना पैसे जातात. एकदा अर्ज दाखल झाला की पुढे थकणारे हप्ते त्याच प्रकरणात मागता येतात, दर वर्षी नवा अर्ज लागत नाही. हेही सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलंय.

अर्जाबरोबर थकबाकीचा साधा तक्ता जोडा : महिना, देय रक्कम, जमा रक्कम, बाकी. सोबत पासबुकाच्या नोंदी. कंपनीचं नाव आणि पूर्ण पत्ता लिहा, नुसतं "मुंबईला नोकरी" लिहिलंत तर समन्स बजावणीतच महिने जातात.

वॉरंट निघालं की दंड वसूल करतात तशी वसुली होते. जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम वसूल होते. इथे ती बाग कामाला येते. ताजा सातबारा काढून अर्जाला लावा. बाग भावाभावांत सामाईक असेल तर त्यांचा हिस्सा तोडून विकणं सोपं नाही, हे मी लपवत नाही. पण नोटीस बागेपर्यंत पोचली की घरातले मोठे जागे होतात आणि आजवर गप्प बसलेले दीरच भावाला म्हणतात, "दे बाबा पैसे आणि मिटव." माझ्या कामात हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तुम्हाला जेल नको आहे, हे तुमच्या मनाचं मोठेपण आहे. वसुली करूनही रक्कम राहिली तर कोर्ट एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं, पैसे भरले की सुटका. जेल भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल तसा आहे. बहुतेक माणसं त्या पायरीआधीच पैसे भरतात.

आता मुलीबद्दल. कलम १४४ खाली सज्ञान मुलीला पोटगी मिळते ती शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे ती स्वतःचं पोट भरू शकत नसेल तेव्हाच. तिच्या बाबांना कुणीतरी एवढंच सांगितलंय. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम २० वेगळं आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर तिचा निर्वाह करणं आईवडिलांवर बंधनकारक आहे, वयाची अट नाही. आणि निर्वाह म्हणजे काय, तेही त्याच कायद्यात लिहिलंय : अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधोपचार. शिक्षण हा शब्द कायद्यातच आहे, ताई, तो कुणाच्या दयेवर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हा फरक नेमका मांडला. सज्ञान, सुदृढ मुलीला दंडाधिकाऱ्यांकडे कलम १२५ खाली मागता येणार नाही, पण कलम २० खाली तिचा हक्क आहे. कुटुंब न्यायालय असेल तिथे दोन्ही कायद्यांखालची मागणी तेच ऐकतं. तालुक्याला ते नसेल तर दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावा लावावा लागतो. जुन्या प्रकरणात मुलीचं नाव पुढे चालवा म्हणून अर्ज टाकू नका. तो फेटाळला जाईल आणि वर्ष फुकट जाईल. दावा मुलीच्या नावाने, वकालतनामा तिच्या सहीचा. ती सज्ञान आहे, दावा तिचा आहे. दाखल करतानाच अंतरिम पोटगीचा अर्ज द्या, कारण दाव्याचा निकाल लागेपर्यंत तिचं चौथं वर्षही संपेल. २०२० च्याच नोव्हेंबरमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. आज अर्ज नाही, तर आजचा महिना गेला.

दाव्यात आणखी दोन मागण्या घाला : वडिलांच्या हिश्श्यावर पोटगीचा बोजा ठेवावा आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत तो हिस्सा विकायला किंवा सोडायला मनाई करावी. आपल्या भागात केस लागल्याचं कळताच भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळं होणारे आहेत. हुकूमनामा हातात आला की दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकून पगारावर जप्ती आणता येते. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भाग फक्त सुरक्षित असतो, बाकीच्यावर हात घालता येतो.

"फी माफ आहे" हे उत्तर कोर्टात टिकत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. चांगला निर्णय आहे. पण मुलगी फीच्या पावतीवर जगत नाही. होस्टेलची पावती, मेसचं बिल, एसटीचा पास, पुस्तकं, प्रात्यक्षिकाचं साहित्य, सगळं जमवा आणि कॉलेजचं बोनाफाईड जोडा. २ जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शिक्षणाचा खर्च आईवडिलांकडून मिळवणं हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे आणि ऐपतीप्रमाणे तो द्यायला त्यांना भाग पाडता येतं. हा निकाल वकिलांना आवर्जून दाखवायला सांगा.

भावाचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण त्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. कलम २० चा हक्क अविवाहित मुलीचा आहे. लग्न लावलं की वडिलांकडून शिक्षणखर्च मागायची तिची वाट बंद झाली, आणि सासरचे तिला शिकवतीलच याची हमी कुणीच देऊ शकत नाही. चार वर्षांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ती पोचलीय. तिला पदवी घेऊ द्या. मी हे कायद्याची जाणकार म्हणून सांगत नाही, अर्धवट शिक्षणावर उभ्या राहिलेल्या मुली माझ्या टेबलापलीकडे वर्षानुवर्षं बसताना पाहिल्यात म्हणून सांगते.

तिची लाज मला समजते. तिला माझ्यातर्फे सांगा : तू बाबांवर गुन्हा दाखल करत नाहीयेस. हा दिवाणी दावा आहे, यात पोलीस नाहीत, आरोपी नाही. तुझ्या जेवणाचा आणि शिकण्याचा हिशेब कोर्टासमोर ठेवायचा आहे. बाबांशी नातं ठेवायचं तर ठेव, सणाला फोन कर, त्याने दावा कमकुवत होत नाही. तरीही मन तयार नसेल तर आधी वकिलांची नोटीस पाठवून पंधरा दिवस द्या. पण त्यापेक्षा जास्त नको.

हर्णैहून एका बहिणीनेही असंच विचारलंय. त्यांचे यजमान आखातात आहेत, मुलगी बीएस्सीला. "आम्ही मुसलमान, आम्हाला हा कायदा नाही ना?" १९५६ चा कायदा नाही, खरं. पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम मुलांबाबत स्पष्ट केलंय की मुस्लिम व्यक्तिगत कायदा आणि कलम १२५ (आताचं १४४) या दोन्हींखाली मुलींचा निर्वाह त्यांचं लग्न होईपर्यंत मागता येतो. त्यांनी त्या निकालाच्या आधारे अर्ज करावा.

राहिला मुलगा, आणि इथे मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. सुदृढ सज्ञान मुलाला कलम १४४ मध्येही जागा नाही, कलम २० मध्येही नाही. म्हणून मार्चच्या आत हालचाल करा. तो अज्ञान आहे तोवर रक्कम वाढवून मागा. २०१८ चे दोन हजार आज बारावीच्या क्लासलाही पुरत नाहीत, आणि बदललेल्या परिस्थितीत रक्कम वाढवायची तरतूद कायद्यात आहेच. शिवाय पैसे बंद करणं हा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे आर्थिक छळ ठरतो. त्या कायद्याच्या कलम २० खाली दंडाधिकारी थेट कंपनीला आदेश देऊ शकतात की पगारातून रक्कम कापून तुम्हाला द्या. मुंबईच्या नोकरदारासाठी हा सर्वांत परिणामकारक आदेश, असं माझं मत आहे. त्या कायद्यातही मूल म्हणजे अठराच्या आतलंच.

अठरानंतरसाठी दोन आधार आहेत. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की मुलगा अठराचा झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा भार आईवर टाकता येणार नाही, आणि तो आईच्या पोटगीतच धरून वाढीव रक्कम दिली. म्हणजे तुमच्या स्वतःच्या पोटगीत वाढ मागताना मुलाचा खर्च दाखवा. दुसरा आधार तडजोडीचा. वसुलीच्या दडपणाखाली ते बोलायला तयार झाले की तोंडी कबुली घेऊ नका. लोकअदालतीत तडजोडपत्र करा आणि त्यात स्पष्ट लिहून घ्या : मुलाची पदवी पूर्ण होईपर्यंत दरमहा इतके, अमुक तारखेला, अमुक खात्यात. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही आणि पैसे थकले तर त्याचीही दरखास्त टाकता येते. कायदा जे मुलाला देत नाही ते वडिलांच्या सहीने मिळू शकतं. तुमच्या प्रकरणात मी सगळ्यात जास्त जोर इथे लावीन.

उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. आगळ-आमसुलांचे पैसे, स्वयंपाकाचे पैसे, सगळं लिहा. १९५६ च्या कायद्यातल्या कलम २० ची जबाबदारी आईवरही आहे, कोर्ट तुमची कमाई बघेल. ती तुम्ही मुलांवरच खर्च करता आहात, हे दिसणं तुमच्याच फायद्याचं आहे. लपवलेली छोटी रक्कम उघड झाली तर मोठं नुकसान होतं.

खर्चाची भीती नको. पोटगीच्या प्रकरणात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. महिलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत किंवा रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वर फोनही करता येतो. २०१८ च्या आदेशाची नक्कल, पासबुक, सातबारा, मुलीच्या पावत्या आणि मुलाचा जन्मदाखला न्या. मुलीला सुट्टी असेल त्या दिवशी तिलाही बरोबर न्या, तिच्या अर्जावर सही तिचीच लागेल.