पहिली बंदूक घेतली, आता एवढं सांभाळा

भाऊ, पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रोही (नीलगाय), रानडुक्कर तुरीत कितीही धुडगूस घालोत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच. मारायची तर वनखात्याची परवानगी वेगळी. ती नसेल तर बंदूक घरीच बरी.

जागलीला जाताना धुरा (बांध), तारकुंपण, नाला आला की काडतुसं काढा, मगच ओलांडा. भरण्याआधी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहा. चिखल किंवा माशीचं मातीचं घर अडकलेलं असेल तर बार काढताच नळी फुटते. आणि वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या पिशवीत नकोच! आकडा मोठा असला तरी ते बारीक असतं, म्हणून बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागे दुसरं भरलं जातं, बाकी सांगायला नको. सेफ्टीवर (चाप अडवणाऱ्या खटक्यावर) विसंबू नका, बोट चापाबाहेर ठेवा.

पावसाळ्यात कापडी खोळीत नळी गंजते; पुसून, हलका तेलाचा हात देऊन कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली देव्हाऱ्यात नको, पोरांना ठाऊक असते.

वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीत बंदूक जमा करायचा आदेश आला तर ठाण्यातून पावती घ्याच.