पाचामुखी परमेश्वर, पण सेलच्या मुखी नाही

प्रश्न : मी मूळचा मालवणचा, नोकरीनिमित्त दुबईत असतो. गेल्या वर्षी रीब्रीदरचा (सोडलेला श्वास स्वच्छ करून, ऑक्सिजन घालून पुन्हा श्वासाला देणारं डायव्हिंगचं मशीन) कोर्स करून जुनं मशीन विकत घेतलं. परवा 30 मीटरवर, सेटपॉइंट (मशीनने राखायचा ऑक्सिजनचा दाब, बारमध्ये) 1.3 असताना, दोन सेल (ऑक्सिजन मोजणारे सेन्सर) 1.18 दाखवत होते आणि तिसरा 1.34. पुढे तिसरा 1.45 वर गेला, दोघे जागचे हलले नाहीत. तिसरा मी गेल्याच महिन्यात नवा टाकलाय. पीस खराब निघाला असं समजून डाइव्ह पूर्ण केली, काही झालं नाही. बाकीचे दोन दोन वर्षांचे आहेत, पण जेमतेम 25 तास वापरलेले. तिसरा बदलू का?

उत्तर : तिसरा राहू द्या, ते दोघे काढा. ‘काही झालं नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला मात्र घाम फुटला.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना, मशीनमधले बहुतेक कंट्रोलरही (ऑक्सिजन सांभाळणारे संगणक) तसेच चालतात. तिघांपैकी ज्या दोघांचं जुळतं त्यांची सरासरी खरी, तिसरा बाद. तुमच्या कंट्रोलरला 1.18 दिसत होतं आणि हवं होतं 1.3, म्हणून सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) ऑक्सिजन सोडत राहिला. लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या नळ्यांत, तो वाढत होता, पण त्या दोन म्हाताऱ्यांना 1.18 च्या वर बोलताच येत नव्हतं. खरं बोलणारा एकटा पडला आणि तुम्हीही त्याच्याविरुद्ध मत दिलंत.

सेलच्या पोटात शिसं असतं. ऑक्सिजन पोचला की ते झिजतं आणि त्यातून मिलिव्होल्ट मिळतात. शिसं संपत आलेला सेल कमी आकड्यांवर अगदी शहाण्यासारखा वागतो, वर गेलं की अडकतो. किनाऱ्यावरचं कॅलिब्रेशन शुद्ध ऑक्सिजनवर, म्हणजे फार तर 1.0 पर्यंत. तिथे तो पास! 25 तासांचा हिशेब तर विसराच. कपाटात पडलेल्या सेललाही हवेतला ऑक्सिजन लागतच असतो. बसवल्यापासून वर्ष झालं, की काढा. डब्यावरची ‘यानंतर वापरू नका’ ही तारीख त्याआधीची असेल तर तीच धरा.

मीही शहाणा नव्हतो. इजिप्तमधल्या दहाबला ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून ठेवलेला जुना सेल एकदा बसवला, दुसरा आधीच थकलेला होता. आकडे फाकले तेव्हा मी हँडसेटवर टिचक्या मारत बसलो! बडीने (सोबतच्या डायव्हरने) माझ्या तोंडासमोर बेलआउटचा (मशीन सोडून श्वास घ्यायच्या वेगळ्या सिलिंडरचा) रेग्युलेटर धरला, तेव्हा भानावर आलो.

आधी बेलआउट, मग डोकं चालवा. ऑक्सिजन जास्त झाल्यावर येणारी फिट बऱ्याचदा सूचना न देता येते, तोंडातला माउथपीस सुटतो आणि माणूस बुडतो. कमी पडला तरी जीव गुदमरत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड करून देतो आणि तो मशीनमधल्या सोडालाईमने (श्वास स्वच्छ करणाऱ्या रसायनाने) आधीच गिळलेला असतो. अंगाला बरं वाटतंय, हा पुरावा नव्हे.

बेलआउटवर आल्यावर लूपमध्ये डायल्युएंट (ऑक्सिजन पातळ करणारा, दुसऱ्या सिलिंडरमधला वायू) सोडून पाहता येतं. तुमचं डायल्युएंट हवा असेल तर 30 मीटरवर 4 बार दाब गुणिले हवेतल्या ऑक्सिजनचा वाटा 0.21, म्हणजे 0.84 दिसायला हवं. पण तुमचे तिन्ही सेल बहुधा 0.84 च दाखवतील! त्याने म्हातारे निर्दोष ठरत नाहीत, कारण त्यांचं दुखणं वरच्या आकड्यांत आहे. ते पकडायचं तर 6 मीटरवर लूप शुद्ध ऑक्सिजनने धुवून 1.6 च्या आसपास पोचतात का ते बघावं लागतं. आधी प्रशिक्षकाबरोबर करा, एकट्याने नको.

शिवाय एक वही ठेवा. हवेत 10 मिलिव्होल्ट देणारा सेल पृष्ठभागावर शुद्ध ऑक्सिजनमध्ये 48 च्या आसपास द्यायला हवा. माझ्या वहीत दर सेलला एक पान असतं, वर बसवल्याची तारीख. महिन्यागणिक आकडा उतरू लागला की ते पान मी दुमडून ठेवतो.

काढलेले दोन सेल ‘स्पेअर’ म्हणून डब्यात ठेवू नका. आणि ओल्या कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि जळजळीत अल्कली असते. ई-कचऱ्यात द्या.