नाइन-बॉलमध्ये शेवटचा रॅक, स्कोअर बरोबरीत: सेफ्टी कशी निवडायची आणि किक कशी?

तुम्ही विचारलंय की नाइन-बॉलमध्ये (पूलचा खेळ, टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागावं लागतं) शेवटचा रॅक (डाव) आहे, समोर लांबचा पातळ कट (बॉलला कडेने घासून पॉकेटकडे वळवायचा शॉट) आहे, तर मारायचा की सेफ्टी (बॉल पॉकेटमध्ये न टाकता समोरच्याला अडकवायचा शॉट) खेळायची, आणि आपल्यालाच स्नूकर लागला (पांढऱ्या, म्हणजे काठीने मारायच्या बॉलच्या थेट वाटेत दुसरा बॉल आडवा आला) तर किक (आधी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला मारून मग बॉल गाठायचा शॉट) कुठली घ्यायची.

माझ्या मते अशा वेळी आधी बघायचं ते चुकलं तर टेबलावर काय उरतं. कट चुकून बॉल पॉकेटच्या तोंडाशी थांबणार असेल आणि बाकी टेबल मोकळं असेल तर रॅक गेलाच समजा, पण चुकूनही तो लांबच्या कुशनला जाऊन चिकटणार असेल तर बिनधास्त मारा.

सेफ्टीत लोक दोन्ही बॉल हवे तिथे न्यायला जातात, प्रेशरमध्ये हात जड होतो आणि दोन्ही फसतात. एकच सांभाळा. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती फुल हिट, म्हणजे बॉल समोरून पूर्ण घ्यायचा, पांढरा मध्याच्या जरा खाली मारायचा (अंतर जास्त असेल तर अजून खाली) आणि आडोशामागे तिथल्या तिथे थांबवायचा, मग ऑब्जेक्ट बॉलचा (ज्याला पांढरा लागतो त्याचा) स्पीड थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. पांढरा आडव्या बॉलच्या जितका जवळ तितकं जास्त टेबल झाकलं जातं, बोटभर अंतरावर थांबला तर समोरच्याला डोकं खाजवावं लागतं, दीड फुटावर थांबला तर तो आरामात बाजूने बघतो.

आता किक. कॅरम खेळलेल्यांना रिबाउंडची नजर असते पण स्ट्रायकर सरपटतो आणि हा बॉल लोळतो, म्हणून जोरात मारलात तर कुशनवरून कोन आखडतो, हळू लोळत गेला तर पसरतो. एक ठरावीक मध्यम स्पीड पक्का करा आणि मॅचमध्ये तोच वापरा. फार हळू नको, कारण नुसता बॉल लागून भागत नाही, त्यानंतर काही पॉट झालं नाही (पॉकेटमध्ये गेलं नाही) तर कुठलातरी बॉल कुशनला लागावाच लागतो, नाहीतर फाउल आणि समोरच्याला बॉल इन हँड (पांढरा हवा तिथे ठेवून खेळायची मुभा). ऑब्जेक्ट बॉल कुशनच्या जवळ असेल तर खूश व्हा, टार्गेट मोठं होतं, थेट नाही लागला तर मागच्या कुशनवरून लागतो.

फिलिपाइन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेसचा १९९५ चा अमेरिकेतल्या रेनोमधला शॉट जरूर बघा, १२-१२ स्कोअर म्हणजे शेवटचाच रॅक, समोरच्या अर्ल स्ट्रिकलंडने ५ नंबर लपवलेला, रेयेसने दोन कुशनवरून किक मारून तो पॉट केला. सगळे त्या पॉटवर फिदा आहेत, मला जास्त भारी वाटतं ते पांढरा ६ नंबरच्या पोझिशनवर आला ते, तिथूनच त्याने रॅक संपवला.

तुमचे सलग दोन फाउल झाले असतील तर मात्र हिशोबच बदलतो, तिसऱ्या फाउलला रॅकच जातो, तेव्हा बॉल कुठल्या बाजूला लागेल, नंतर काय उरेल ते सगळं सोडा आणि जिथे टार्गेट सगळ्यात मोठं दिसतंय ती किक घ्या.