आधी रिलेची टिक, की आधी ढप्प? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

जुन्या स्टीरिओ रिसीव्हरबद्दलची (रेडिओ आणि ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, एकाच पेटीत असलेला सेट) या वेळची बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: सेट चालू करताना स्पीकरमधून येणारा आवाज. पत्रांत आवाजाचं वर्णन भरपूर असतं, पण तो नेमका कधी आला हे क्वचितच लिहिलेलं असतं. निदान मात्र बरंचसं त्यावरच ठरतं.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे सत्तरच्या दशकातला जपानी रिसीव्हर आहे. स्विच दाबल्यावर पाचेक सेकंदांनी रिले टिक करतो आणि त्याच क्षणी डाव्या स्पीकरमधून ‘ढप्प’ येतं, वूफर पुढे उचकतो. पुढे गाणं व्यवस्थित वाजतं. चालवून घेऊ का?

नका. आतला ॲम्प स्थिरावेपर्यंत स्पीकर तोडून ठेवणं हेच त्या रिलेचं काम. टिक झाल्यावर ढप्प येतं, म्हणजे त्या घडीला ॲम्पच्या आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचं, स्थिर व्होल्टेज) आहे. ‘मग प्रोटेक्शन कसं चालत नाही?’ तर डीसी व्होल्ट-दोन व्होल्टच्या आत असेल तर बहुतेक प्रोटेक्शन सर्किटं गप्प राहतात. वूफर उचकायला तेवढं पुरतं.

मोजताना एक चूक हमखास होते. मीटर स्पीकरच्या टर्मिनलला लावला जातो आणि रिले उघडा असल्यामुळे तिथे शून्य दिसतं. मोजायचं रिलेच्या अलीकडे, ॲम्पच्या बाजूला. पॉवर ट्रान्झिस्टरजवळ ०.३३ किंवा ०.४७ ओहमचे पांढरे सिमेंट रेझिस्टर जोडीनं बसवलेले असतात. बहुतेक सेटमध्ये त्यांचा एकमेकांना जोडलेला बिंदू म्हणजेच आउटपुट. स्पीकर काढून ठेवा, सेट बंद असताना मीटरची क्लिप तिथे अडकवा, दुसरी चॅसीला, आणि मगच सेट चालू करा. चालू सेटमध्ये हातानं प्रोब टेकवू नका. टोक घसरून शेजारच्या पायाला लागलं की पॉवर ट्रान्झिस्टर क्षणात जातात.

व्होल्टेज तीनदा टिपा: टिक होताना, एका मिनिटानं, दहा मिनिटांनी. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, १००च्या वर असेल तर दुरुस्ती हवी. तुमच्या सेटमध्ये सुरुवातीला पाच-सातशे मिलिव्होल्ट आणि मिनिटाभरात वीस-तीस असं दिसण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर पहिला संशय फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग परत मागे नेणाऱ्या) फांदीतून ग्राउंडला जाणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (साधारण ४७ ते २२० मायक्रोफॅरड) घ्या. तो गळायला लागला, म्हणजे त्यातून डीसी झिरपू लागला, की ॲम्पचा डीसी गेन (डीसी वाढवण्याची पट) १ राहत नाही आणि इनपुटला असलेला बारीकसा ऑफसेट (नको असलेला डीसी) कित्येक पटींनी वाढून बाहेर येतो. दुसरा संशय इनपुटच्या कपलिंग कपॅसिटरवर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा), तिसरा डिफरन्शियल जोडीच्या (ॲम्पच्या तोंडाशी असलेल्या दोन जुळ्या) ट्रान्झिस्टरवर. जोडी बदलायची तर दोन्ही एकदम बदला, त्यांचा एचएफई (करंट किती पट वाढतो तो आकडा) एकमेकांच्या दहा टक्क्यांत असू द्या आणि दोघांची अंगं एकमेकांना चिकटवून बसवा, म्हणजे तापतील तेही बरोबरीनं. उजवा चॅनेल चांगला आहे, हा तुमचा फायदा. प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

ढप्प दोन्ही बाजूंनी येत असतं तर वेगळा विचार करावा लागला असता. रिलेला उशीर करायला लावणारा कपॅसिटर सुकला की पाच सेकंदांचा एक-दीड सेकंद होतो आणि ॲम्प सावरायच्या आधीच स्पीकर जोडला जातो. अनेक सेटमध्ये हे काम यूपीसी१२३७ ही आयसी करते. तिच्या ७ नंबरच्या पायाला हा कपॅसिटर असतो. तोच कपॅसिटर सुकण्याऐवजी गळू लागला तर उलटं होतं: टिक फार उशिरा होते किंवा होतच नाही.

प्रश्न (मडगाव): माझ्या सेटमध्ये टिक नाहीच. स्विच दाबला की लगेच दोन्हीकडून धप्प. बिघाड आहे का?

बहुधा नाही. रिले नसलेले बरेच जुने सेट एकाच सप्लायवर चालतात (अधिक-उणे अशा दोन नव्हे). सप्लाय ६० व्होल्ट असेल तर आउटपुट ३० व्होल्टवर बसलेलं असतं आणि स्पीकरच्या वाटेत १००० ते २२०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर असतो. तो स्पीकरमधूनच चार्ज होतो, त्याचा हा धप्प. कमी करायचा असेल तर कपॅसिटरच्या पुढे, स्पीकरच्या आधी, उशिरा जुळणारा रिले घाला. मात्र कपॅसिटर आणि रिलेच्या मधून ग्राउंडला २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाकायला विसरू नका. नाहीतर कपॅसिटर चार्ज होईल कुठून? धप्प फक्त चार सेकंद पुढे ढकलला जाईल. २२०० मायक्रोफॅरड गुणिले २२० ओहम म्हणजे सुमारे अर्धा सेकंद. त्याच्या पाचपट, म्हणजे अडीच सेकंदांत तो भरतो. रिलेला चार-पाच सेकंद द्या. आणि हेडफोन कानाला लावून असा सेट चालू करू नका.

प्रश्न (पुणे): टिक शांतपणे होते, पण नंतर दहा मिनिटं एका स्पीकरमधून करकर, फसफस. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तीच. फिरणारी सगळी बटणं क्लीनरनं धुतली.

व्हॉल्यूमनं आवाज बदलत नाही, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे. धुलाईचा उपयोग तिथेच संपला. मागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ जोडणारे जंपर (धातूचे छोटे दुवे) असतील तर सेट बंद करून काढा आणि पुन्हा चालू करा. करकर राहिली तर दोष पॉवर ॲम्पमध्ये, गेली तर टोन आणि प्रीॲम्पच्या भागात.

त्या काळचे काही ट्रान्झिस्टर याबाबतीत कुप्रसिद्धच आहेत, विशेषतः २एससी४५८ आणि २एसए७२६. पायांना काळपट गंज दिसला तर जास्तच संशय घ्या. पहिल्याच्या जागी केएससी१८४५ आणि दुसऱ्याच्या जागी केएसए९९२ चालतात. तरी पायांचा क्रम डेटाशीटवरून आणि बोर्डवरून, दोन्हीकडून पडताळा. बुधवार पेठेत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, ‘अस्सल जपानी जुना माल’ म्हणून मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरपेक्षा हे आज बनणारे पर्याय भरवशाचे. सगळे कपॅसिटर सरसकट बदलायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. करकरीवर तो क्वचितच लागू पडतो आणि त्या नादात बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उचकटतात.

प्रश्न (न्यू जर्सीहून ठाण्याला परतलेले वाचक): चालू-बंद करताना नुसतं बारीक ‘टक’ होतं.

पॉवर स्विचमध्ये उडणारी ठिणगी. स्विचला समांतर ०.०१ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असतो, तो बदला. नवा ‘एक्स२’ वर्गाचा (घरच्या विजेवर थेट लावण्यासाठी बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचाच हवा. डीसीवरचा साधा कपॅसिटर इथे शॉर्ट होऊ शकतो. सेट १२० व्होल्टचा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय इथल्या २३० व्होल्टला जोडू नका.

प्रश्न (सांगली): रिलेचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले तर चालतं?

दोन महिने चालतं. वरचा मुलामा निघाला की आतला धातू लवकर काळा पडतो आणि एक चॅनेल पुन्हा क्षीण होतो, व्हॉल्यूम वाढवला की अचानक उजळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढा. पॉइंटला खड्डे पडले असतील तर रिलेच बदला. नवा घेताना कॉइलचं व्होल्टेज (बऱ्याचदा २४) तर जुळवाच, शिवाय कॉइलचा रेझिस्टन्सही मोजा. तो जुन्यापेक्षा बराच कमी असेल तर रिले चालवणारा बिचारा छोटा ट्रान्झिस्टर तापून जातो.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सेटच्या लाइनमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर सेट लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. सिरीज बल्ब असताना व्होल्टेज कमी पडून रिले टिक न करणं शक्य आहे. तेवढ्यावरून सेट पुन्हा उघडत बसू नका.