प्रकल्पाची जुनी पाने काढून टाकावीत की संग्रहात ठेवावीत?

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांची आणि बंद झालेल्या सुविधांची पाने साठली आहेत. ती डिलीट करावीत की ‘संग्रहित’ म्हणून राहू द्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते पान किती जुने आहे हा निकषच नव्हे. ते आजच्या वाचकाची दिशाभूल करते का आणि त्याच्या पत्त्यावर अजून कोणी विसंबून आहे का, एवढेच पाहावे.

जुन्या आवृत्तीच्या इन्स्टॉलेशनचे पान नवख्याला चुकीच्या वाटेला लावते, पण नाइलाजाने त्याच आवृत्तीवर अडकलेल्या माणसाला दुसरा आधार नसतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी २.७ ची कागदपत्रे ही आवृत्ती जुनी असल्याच्या सूचनेसह उपलब्ध ठेवली गेली, ती याचसाठी. म्हणून शंका असेल तिथे मी संग्रहाच्या बाजूने कौल देतो.

मात्र नुसते ‘संग्रहित’ लिहिणे म्हणजे संग्रह नव्हे. हे पान केव्हापासून अद्ययावत केलेले नाही आणि सध्याची माहिती कुठे आहे, हे शीर्षकाखालीच लिहावे, कारण गूगलवरून आलेला माणूस तळटीप न पाहता थेट कमांड कॉपी करतो. शोधनिकालांत पान नको असेल तर त्यात नोइंडेक्स टॅग (हे पान निकालांत दाखवू नका, असे शोधयंत्राला सांगणारी खूण) घालावा. पण त्याच वेळी रोबोट्स डॉट टीएक्सटीमधून, म्हणजे कुठली पाने उघडू नयेत हे शोधयंत्रांना सांगणाऱ्या फाइलमधून, ते पान अडवू नये. क्रॉलरला, म्हणजे शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, पान उघडताच आले नाही तर तो टॅग त्याला दिसत नाही आणि पत्ता निकालांत तसाच राहू शकतो. ही गफलत फार सर्रास होते.

जागा वाचवण्यासाठी पाने काढायची, हे कारण मला पटत नाही, कारण मजकुराची पाने जागा अशी कितीशी खातात? खरा बोजा असतो तो ती चालवणाऱ्या जुन्या, सुरक्षा-अद्यतने थांबलेल्या प्रणालीचा. तिथे पानांची साधी एचटीएमएल प्रत काढून ती त्याच पत्त्यांवर ठेवावी आणि प्रणाली बंद करावी.

खाजगी माहिती असलेली, धोकादायक सल्ला देणारी किंवा दुबार झालेली पाने बेलाशक काढावीत. पानावर पासवर्ड किंवा एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) उघडी पडली असेल तर ती आधी बदलावी, कारण वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात किंवा गिट या फाइलींतील बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या इतिहासात तिची प्रत उरलेली असू शकते. काढलेल्या पानाला खरोखर पर्यायी पान असेल तर ३०१ पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावरून कायमचे नव्या पत्त्याकडे वळवणे) द्यावे आणि ते किमान वर्षभर ठेवावे. नसेल तर ४१० (पान कायमचे काढले) किंवा ४०४ (पान सापडले नाही) हे प्रामाणिक उत्तर आहे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे हा उपाय दिसायला नीटनेटका, पण गूगल अशा पुनर्निर्देशनांना बहुधा ४०४ सारखेच धरते आणि वाचकाच्याही हाती काही लागत नाही.

तरीही निर्णय होत नसेल तर सर्व्हरचे लॉग, म्हणजे भेटींच्या नोंदी, काढून त्या पानावर कोण, कुठल्या दुव्यावरून येते ते पाहा, आणि तुमच्याच सध्याच्या पानांवरून तिकडे जाणारे दुवे आधी दुरुस्त करा.