वाचकांचे प्रश्न : एमबीए करू की लेखनाचं शिक्षण घेऊ?

प्रश्न : मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहायला खूप आवडतं, कॉलेजच्या वार्षिक अंकाचं कामही केलंय. घरचे म्हणतात एमबीए कर, लिहून पोट भरत नाही. लेखनात पोस्ट ग्रॅज्युएशन असतं का, आणि त्यावर नोकरी लागते का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तू काय लिहितेस ते पत्रात सांगितलं नाहीस आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. कथा-कविता हा एक रस्ता झाला. प्रोफेशनल रायटिंग म्हणजे वेगळंच काम, कंपनीचे रिपोर्ट, सॉफ्टवेअरचं मॅन्युअल, ॲपमधल्या सूचना, बँकेकडून ग्राहकाला जाणारी पत्रं, जाहिरातीची कॉपी, सामाजिक संस्थेचं फंडिंगसाठीचं प्रपोजल. यात आपलं मन मोकळं करायचं नसतं, वाचणाऱ्याचं काम अडू द्यायचं नसतं.

एक उदाहरण देते. गिझरच्या माहितीपत्रकात असं काहीतरी छापलेलं असतं : ‘पाण्याचा प्रवाह सुनिश्चित केल्यानंतरच विद्युत पुरवठा सुरू करण्यात यावा.’ आता हेच असं लिहून बघ : ‘आधी गरम पाण्याचा नळ सोडा. सलग धार आली की मगच बटण लावा. टाकी रिकामी असताना बटण लावलं तर कॉइल जळेल.’ तीन वाक्यं, पण ती लिहायला गिझर कसा चालतो ते माहीत पाहिजे, कुणाला तरी विचारायला पाहिजे, आणि लिहून झाल्यावर घरातल्या आजीला वाचायला देऊन ती कुठे अडखळते ते बघायला पाहिजे. हे करताना तुला मजा आली तर हे क्षेत्र तुझं आहे असं मी बिनधास्त म्हणेन.

परदेशात या नावाच्या पदव्याच आहेत, अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रोफेशनल रायटिंगमध्ये एमए आहे. आपल्याकडे नेमकं हेच नाव शोधत बसलीस तर फार काही हाती लागणार नाही, वेगळ्या नावांनी शोधावं लागतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारितेची मास्टर्स आहे. अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) केंद्रात मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे. जाहिरात आणि ब्रँडकडे ओढा असेल तर अहमदाबादचं माइका, पण ते खर्चिक आहे. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे एमए मराठी, काही विद्यापीठांत त्यात उपयोजित, म्हणजे व्यवहारात वापरायच्या मराठीचे पेपर असतात, चांगले शिक्षक मिळाले तर भाषांतर, संपादन, माध्यमांसाठी लेखन हे सगळं हातून करून घेतात. टेक्निकल रायटिंगला मात्र पदवीचं नाव फार कुणी विचारत नाही, पुण्यातल्या आयटी कंपन्यांत बीकॉम, बीएस्सी कुठूनही आलेली माणसं हे काम करतात. तिथे इंग्रजी साफ लागतं आणि तू स्वतः लिहिलेले नमुने बघतात.

आता घरच्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. माझं मत असं की राज्याची एमबीए सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन टाक. २०० प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि त्यातले ५० प्रश्न इंग्रजी भाषेचे, म्हणजे तुझ्या सोयीचे. मार्क चांगले पडून मुंबईचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम, नाहीतर पुणे विद्यापीठाचं पुम्बा मिळत असेल तर डोळे झाकून जा, मार्केटिंग घे आणि लिखाण चालू ठेव, ज्याला बॅलन्स शीट वाचता येते आणि चार ओळीत नीट मांडता येतं असा माणूस ऑफिसात सगळ्यांनाच हवा असतो. पण कुठलंतरी नाव न ऐकलेलं कॉलेज मिळतंय, प्लेसमेंटबद्दल विचारलं की नुसते ब्रोशर पुढे करतात, आणि त्यासाठी कर्ज काढायचंय, तर अजिबात जाऊ नकोस. ते एमबीए नसलेलं बरं.

आणि एक. ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंस तर ही सवलत गेली. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ऐन वेळी सेतू केंद्रात रांगा लागतात.

प्रश्न : वय ३६, चाकणला सुपरवायझर आहे. प्रमोशनसाठी एमबीए हवं. एका क्लासवाल्याने ‘सहा महिन्यात एमबीए, परीक्षेचं टेन्शन आमच्यावर सोडा’ असं सांगितलंय. करू का? – एक वाचक, चाकण

उत्तर : नाही, एक रुपयाही देऊ नका. एमबीए दोन वर्षांचं असतं, सहा महिन्यात मिळतं ते सर्टिफिकेट. आणि परीक्षेचं टेन्शन दुसऱ्यावर सोडायची सोय कुठल्याच खऱ्या विद्यापीठात नसते.

ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी मात्र कमी दर्जाची समजू नका. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असेल तर ती रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरली जाते. दिल्लीचं इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे, आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर विद्यापीठाचं नाव, एमबीएचं नाव आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष ही तिन्ही बघा, नुसतं विद्यापीठ यादीत आहे म्हणून भागत नाही. कुठल्याही क्लासला फ्रँचायझी म्हणून पदवी विकायला परवानगी नाही, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची.

त्याआधी तुमच्या एचआरला विचारा की ऑनलाइन एमबीए प्रमोशनला धरता का, आणि उत्तर ईमेलवर घ्या. शिफ्ट सांभाळून दोन वर्षं असाइनमेंट लिहायच्या म्हणजे रविवार जातात, घरच्यांशीही बोलून घ्या.

प्रश्न : पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा) म्हणजे एमबीएपेक्षा कमी का? – एक पालक, नाशिक

उत्तर : नावावरून ठरवू नका. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत डिप्लोमाच देत होत्या. पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाचा, त्यामुळे स्वतंत्र संस्था पीजीडीएम देतात. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता बघा, आणि मुलाला पुढे पीएचडी करायची असेल तर एआययूने (भारतीय विद्यापीठांच्या संघाने) त्या पीजीडीएमला एमबीएशी समकक्ष धरलंय का तेही बघा. फीमध्ये हॉस्टेल, लॅपटॉप, परदेश दौरा असं काय काय धरलंय ते मात्र लेखी मागा, आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतात तेही त्याच कागदावर लिहून घ्या.